डाव्या बाजूला उभा माणूस

रक्त होतं, पण जखम नव्हती.

डॉ. क्रांती इंगवलेनं सुरेखाबाईंची डावी बाही कोपराच्या वर सारली आणि हात उजेडाकडे वळवला. कोपराच्या घडीत वाळलेलं, तपकिरी रक्त. नखांच्या कडेलाही तेच. मनगटापासून वरपर्यंत तेलाचा चकचकीत थर. तिनं ओल्या कापसानं एक पट्टा पुसून काढला. खाली कातडी अख्खी. ओरखडासुद्धा नाही. फक्त खांद्याच्या टोकाला मार लागल्याचा एक निळसर डाग.

"पडल्यावर लागलं असेल," मुलगा म्हणाला.

कुणी विचारलं नव्हतं.

क्रांती मेंदूची डॉक्टर. कोल्हापुरात तिची इतकी वर्षं गेली ती एका हिशेबावर. आजार खरं बोलतो, नातेवाईक खोटं बोलतात. आजाराच्या बाजूनं उभं राहावं. आज तो हिशेब दोन्हीकडून चुकणार होता.

खाटेभोवती घरचे तिघं होते. मुलगा अनेकांत, हुपरीत चांदीच्या पैंजणांचा कारखाना चालवणारा, हातात मोबाइल. त्याची बायको स्नेहल, दाराशी, पाहुण्याच्या घरात उभं राहावं तशी. आणि सुरेखाबाईंचे यजमान महावीर. पांढरी टोपी, पांढरा सदरा. ते खाटेच्या डाव्या बाजूला, भिंत आणि खाट यांच्यातल्या फटीत शिरून उभे होते. तिथं धड उभं राहायला जागाही नव्हती. उजवीकडे अख्खी खोली मोकळी होती.

"कधी झालं?" क्रांतीनं विचारलं.

"साडेसातला," अनेकांत म्हणाला. "तोपर्यंत ठणठणीत होती मॅडम. उठली, आंघोळ केली, बस्तीत जाऊन दर्शन घेऊन आली. घरात पाय टाकला आणि पडलीच."

बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर. घरापासून चार पावलांवर.

"तुम्ही पाहिलंत?"

"माझ्यासमोर."

क्रांतीनं घड्याळ पाहिलं. साडेनऊ. म्हणजे वेळ होती. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. त्यानंतर दिलं तर तेच औषध मेलेल्या भागात रक्त सांडतं. सीटी स्कॅन झाला होता. 'रक्तस्राव नाही' एवढं फोनवरून कळलं होतं. चित्रं पडद्यावर यायची होती.

"सिस्टर, औषध बाहेर काढून ठेवा. मिसळू नका अजून."

"मिसळू नका का?" अनेकांतचा आवाज चढला. "वेळ चाललाय की!"

"तपासू दे. त्यात वेळ जात नाही, वाचतो."

पलीकडच्या खाटेवर एका अपघाताचा जबाब घ्यायला हवालदार हंबीरराव आले होते. हाताचं रक्त नजरेला पडल्यावर त्यांनी तो जबाब तसाच सोडला आणि इकडं सरकले. सरकारी नोकरीत एवढं कुतूहल टिकवलेला माणूस विरळाच.

"बाई, मारहाण हाय का?"

"माहीत नाही. जरा मागं थांबा."

क्रांती खुर्ची ओढून बसली. मेंदूला किती मार बसलाय हे मोजायची एक खाटेशेजारची परीक्षा असते. यंत्र लागत नाही. प्रश्न विचारायचे, हातपाय उचलायला सांगायचे, टोचून बघायचं आणि गुण द्यायचे. फक्त इथं जास्त गुण मिळवणारा नापास.

"काकू, महिना कुठला चाललाय?"

"भादवा." शब्द जड होते, पण कळत होते. माघ चालू होता. एक गुण.

"डोळे मिटा. उघडा. उजव्या हाताची मूठ करा." सगळं केलं.

"माझ्या बोटाकडं बघा." क्रांतीनं बोट उजवीकडून डावीकडे नेलं. नजर नाकासमोरपर्यंत आली आणि थांबली, जणू पुढं भिंत होती.

"आता दोन्ही हात समोर उचला."

उजवा उचलला गेला. डावा चादरीवर पडून राहिला.

"डावा?"

"उचलला की! दिसत न्हाय व्हय तुला?"

क्रांतीनं तो डावा हात मनगटाला धरून वर घेतला आणि बाईंच्या उजव्या डोळ्यासमोर आणला. "मग हा कुणाचा?"

सुरेखाबाईंनी तो हात नीट निरखला. "ह्यो? सुनंचा. कवाधरनं माझ्या अंगावर टाकून बसलीया. काढ म्हणावं."

दाराशी स्नेहलनं आपले दोन्ही हात छातीशी ओढून घेतले.

"आता हात बी सुनंचाच," हंबीरराव पुटपुटले. "सासूच्या तोंडचा जबाब आला म्हणायचा."

"काकू, डोळे मिटा. कुठं हात लावते सांगा." उजव्या पायाला लावला. "हितं." डाव्याला लावला. बराच वेळ गेला. "हितं... वाटतंय." दोन्हींना एकदम लावला.

"उजवीकडं."

"आणि कुठं?"

"आणि कुठं काय? एकच हाय की."

क्रांतीनं बेरीज केली. सतरा. मोठा झटका. उजवा मेंदू गेला होता, आणि जाताना डावीकडचं अर्धं जग घेऊन गेला होता. शिवाय ते गेल्याची खबरही बाईंना ठेवली नव्हती.

"आता मला सोडा," सुरेखाबाई म्हणाल्या. "माझ्या पारव्यांस्नी जोंधळं कोण टाकणार? आन् अनेकांतचं आप्पा कुठं हायत? मघाधरनं दिसंनात."

महावीर त्यांच्या डाव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होते. ते बोलले नाहीत. सरकलेही नाहीत.

क्रांतीनं पुन्हा तो हात घेतला. कोपराच्या घडीत, तेलात रुतलेलं काहीतरी करडं होतं. तिनं चिमट्यानं उचललं. बारीक पीस. मुळाशी वाळलेल्या रक्ताचा ठिपका.

"उशीतलं असंल," हंबीरराव म्हणाले.

"आमच्याकडं उशा कापसाच्या असतात," स्नेहल पहिल्यांदा बोलली. "पिसांच्या आणत न्हाईत. जीव जातो."

"अहो, आई रोज गच्चीवर पारव्यांना दाणे टाकते," अनेकांत म्हणाला. "पन्नास पारवे असतात. अंगावर एखादं पीस येणारच. तुम्ही पिसं काय बघत बसलाय मॅडम? इंजेक्शन द्या की!"

बोलणं पटण्यासारखं होतं. क्रांतीनं पीस गॉजमध्ये गुंडाळून खिशात टाकलं आणि बाईंच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळ कोरडं होतं. ना गंध, ना गंध पुसल्याची खूण.

"स्नेहल, जरा बाहेर या."

व्हरांड्यात हंबीरराव आधीच पोचले होते. चहाही त्यांनीच मागवला होता. महावीरांना बाहेर बोलावून त्यांनी पेला पुढं केला. "घ्या काका. थंडी हाय."

"मला नको. उपास हाय."

"चहाला काय हुतंय?"

"पाणी बी न्हाय."

स्नेहलनं सासऱ्यांकडे पाहिलं. "आज? आज ना अष्टमी, ना चौदस, आप्पा."

"असू दे," महावीर म्हणाले आणि परत आत गेले. त्याच फटीत.

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "हं, सूनबाई. सासूसंगं भांडण कवा झालं?"

"न्हाय झालं."

"खांद्याला मार हाय. हाताला रक्त हाय. भांडण न्हाय म्हणतीस?"

"मी हात न्हाय लावला त्यांस्नी!" तिचे डोळे भरले. "त्याच रुसल्यात माझ्यावर. कालपासनं."

"कशावरनं?" क्रांतीनं विचारलं.

"जेवणावरनं. काल अर्धं ताट तसंच टाकलं त्यांनी. सात वर्षं झाली माझ्या लग्नाला, आत्तींनी ताटात शीत कधी ठेवलं न्हाय. आमच्यात अन्न टाकत न्हाईत. त्या तर ताट धुऊन ते पाणी पितात. आणि काल अर्धं टाकलं. मी म्हटलं, आत्ती, ताटात अजून हाय की. तर म्हणाल्या, कुठं काय हाय? सगळं पुसून खाल्लं की!" तिनं पदरानं नाक पुसलं. "माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवायची ही कुठली तऱ्हा? आणि उठून गेल्या त्या तणतणतच. दाराच्या चौकटीला खांदा आपटला काडकन्. मागं वळून बघितलंसुद्धा न्हाय."

"कुठला खांदा?"

"डावा."

"आणि ताटातलं अर्धं कुठलं राहिलं होतं? आठवून सांगा."

स्नेहल गोंधळली. मग तिनं हवेत ताट धरलं आणि बोट फिरवलं. "चटणी... कोशिंबीर... ह्या बाजूची भाकरी. भाजी, आमटी संपलेली. भात मधोमध कापल्यागत."

"डावीकडचं राहिलं."

"व्हय. डावीकडचंच की!"

"हे कधी?"

"दिवस मावळायच्या आत. नंतर आमच्यात जेवत न्हाईत."

क्रांती भिंतीला टेकली. काल संध्याकाळ. ताट अर्धं राहिलं ते रुसव्यानं नाही. अर्धं ताट त्या बाईसाठी तिथं नव्हतंच.

आत संगणकावर सीटीची चित्रं आली होती. उजव्या बाजूला सावली होती, पण फिकट. नुसत्या तिच्या जोरावर इंजेक्शन देणं आणि न देणं, दोन्हीचं समर्थन करता आलं असतं. ताट कळल्यावर देण्याचं समर्थन उरलं नाही. क्रांतीनं रक्तवाहिनीतून तार घालून गुठळी काढणाऱ्या आपल्या सहकाऱ्याला चित्रं पाठवली. रक्तवाहिन्यांचा आणखी एक स्कॅन करून घेतला. त्याचा फोन लगेच आला. "वाचवण्यासारखं उरलेलं नाही, क्रांती. मी आत शिरलो तर मारीन."

तिनं औषधाची कुपी सिस्टरकडून घेतली आणि पुन्हा खोक्यात ठेवली. मग तिघांना नातेवाइकांच्या खोलीत बोलावलं. हंबीरराव न बोलावता आले.

"इंजेक्शन देता येणार नाही," ती म्हणाली.

अनेकांत ताडकन उठला. "का? साडेसातला झालं म्हणून सांगितलं की!"

"बस्तीत आंघोळ न करता जातात का?"

"काहीतरीच काय!"

"म्हणजे आईंनी सकाळी आंघोळ केली."

"केली."

"मग हाताला खांद्यापर्यंत तेल आणि रक्त राहिलं कसं? दर्शन घेऊन आलेल्या बाईच्या कपाळाला गंध कसं नाही? आणि काल मावळतीला ज्या बाईला ताटाची डावी बाजू दिसत नव्हती, ती आज सकाळी बस्तीची पायरी चढून गेली कशी? अनेकांत, तुम्ही आईला पडताना पाहिलंच नाही. उठवायला गेलात तेव्हा ती अशीच होती."

तो बसला. मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

"गाडीत वाचलं मी," तो हळू म्हणाला. "साडेचार तासांच्या आत असेल तरच देतात, नायतर हात वर करतात. म्हटलं, वेळ अलीकडची सांगू. तेवढ्यानं आई वाचत असेल तर..."

"तेवढ्यानं ती डोक्यात रक्तस्राव होऊन गेली असती. तुमच्या शब्दावर. माझ्या हातानं."

"मग आता द्या माझ्या सहीवर! मी लिहून देतो, काय झालं तरी माझी जबाबदारी!"

"तुमच्या सहीनं वेळ मागं जात नाही हो."

हंबीरराव खाकरले. "ते झालं. पर रक्त कुणाचं?"

"सांगते." क्रांतीनं खिशातून गॉज काढला आणि उलगडला. "पारव्यांना दाणे टाकताना पीस आलं असतं तर ते लुगड्यावर आलं असतं, केसात आलं असतं. हे बाहीच्या आत होतं. तेलात चिकटलेलं आणि मुळाशी रक्त. म्हणजे आधी तेल लावलं, मग रक्त आलं, आणि रक्ताबरोबर पीस. जखम नाही, कारण रक्त काकूंचं नाहीच. आणि ते फक्त डाव्या हाताला. तोच हात गेलाय, हे रात्री कुणालातरी कळलं होतं."

हंबीररावांच्या चेहऱ्यावरची मजा उतरली. "पारव्याचं," ते म्हणाले. "लकव्यावर ऊन ऊन चोळत्यात. माझ्या चुलत्याला चोळलेलं." थोडं थांबून ते म्हणाले, "काय उपेग झाला न्हाय."

"आमच्या घरात?" अनेकांत ओरडला. "मॅडम, आमच्या उंबऱ्याच्या आत कांदा येत नाही! आई पाणी गाळून पिते! कोण मारणार पारवा?" आणि बोलता बोलता त्याची मान बायकोकडे वळली. हंबीररावांचीही.

"तिकडं बघू नका," क्रांती म्हणाली. "स्नेहलला आता या क्षणापर्यंत वाटत होतं की सासू रुसलीय. आजार आहे हे ठाऊक असतं तर ताटाची गोष्ट तिनं माझ्यापाशी रडून सांगितली नसती, लपवली असती. आणि अनेकांत, तुम्हाला रात्री कळलं असतं तर तुम्ही रात्रीच गाडी काढली असती. मोबाइलवर विश्वास असलेला माणूस पारव्यामागं जात नाही."

तिनं आवाज खाली आणला.

"घरात तिसरा माणूस एकच आहे. आज कुठली तिथी नसताना त्यानं पाणी सोडलंय. उपास नाही तो, प्रायश्चित्त आहे. आणि सकाळपासून तो बायकोच्या उजव्या बाजूला एकदाही गेलेला नाही. तिला न दिसणारी बाजू कुठली, हे मला परीक्षा घेऊन कळलं. त्याला रात्रीच कळलं होतं. म्हणून तो त्या फटीत उभा होता. तिच्या नजरेला पडू नये म्हणून."

महावीरांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"हात अंगावर पडला तिचा," ते म्हणाले. "आडवं होऊन थोडाच वेळ झालेला. थंड. जड. दिवा लावला तर तोंड एका बाजूला गेलेलं. म्हटलं, ऊठ, दवाखान्यात जाऊ. म्हणाली, मला काय झालंय? झोपा गप. परत म्हटलं. म्हणाली, हात चांगला हाय माझा, ह्यो बघा उचलला. उचलला न्हवता. पर ती म्हणाली उचलला. मला तेच ऐकायचं हुतं बघा."

"आप्पा..." अनेकांत म्हणाला.

"थांब. गुंडूला फोन केला. आपल्या भट्टीवर हुता तो आधी. म्हणाला, अंगावरनं वारं गेलंय, अजून ताजं हाय, पारवा पाहिजे. म्हटलं, आमच्यात न्हाय चालत. म्हणाला, मग ऱ्हाऊ द्या मालकिणीला अशीच." त्यांनी टोपीची कड नीट केली. ती आधीच नीट होती. "मी गच्चीवर गेलो. हुडकायला लागला न्हाय. तिच्या सवयीचा. हात पुढं केला आन् आपणहून आला. मान गुंडूनं फिरवली. पर धरलेला मी."

हंबीररावांनी पेनाचं टोपण लावलं. "बाई, आता पारव्याच्या खुनाला कुठलं कलम लावू मी?" त्यांना हसवायचं होतं. कुणी हसलं नाही. मग त्यांनीही टोपी काढून बगलेत धरली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

"डॉक्टरीण बाई," महावीर म्हणाले, "रातीच आणली असती, तर?"

मावळतीचं जेवण. त्यानंतर थोड्याच वेळात अंथरूण. हुपरीहून इथवरचा रिकामा रस्ता. क्रांतीच्या डोक्यात बेरीज तिनं न सांगता झाली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

सांगता येत होतं.

या घरात तिघं खोटं बोलले होते. मुलगा आईसाठी, नवरा लाजेसाठी. आणि तिसरी, जिच्या शब्दावर सगळं घर झोपलं, तिला आपण खोटं बोलतोय हे माहीतच नव्हतं. आजार खरं बोलतो, हा क्रांतीचा जुना हिशेब. या आजारानं तर साक्षीदारच फोडला होता. गुन्हेगार सापडले होते, आणि खोलीतल्या कुणाच्याच हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढचे तीन-चार दिवस मेंदूला सूज येणार. त्यातून बाई राहिली तर राहिली.

"काका, चला," ती म्हणाली. खाटेजवळ येताच ते पुन्हा फटीकडे वळले. "तिकडं नाही. या बाजूला."

तिनं महावीरांना दंडाला धरून खाटेच्या उजवीकडे आणलं. सुरेखाबाईंची नजर फिरत फिरत त्यांच्यावर आली आणि थांबली.

"हुतासा कुठं? कवाधरनं हाका मारालोय."

"हितंच हुतो."

"हितं? मला कसं दिसला न्हाईसा मग?" त्यांनी उजवा हात पुढं केला. महावीरांनी तो दोन्ही हातांत घेतला. "पारव्यांस्नी दाणं टाकलासा?"

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"त्यो करड्या मानेचा आलता का? त्यो खाली टिपत न्हाय. हात पुढं केल्याबिगर खात न्हाय. आलता का हातावर?"

महावीरांनी अनेकांतकडे पाहिलं. स्नेहलकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे. कुणीच मदतीला आलं नाही.

"आलता," ते म्हणाले.

सुरेखाबाईंचा उजवा अर्धा चेहरा समाधानानं हसला.